बाण फिरून दुसऱ्या नोडवर!

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचा बेत आज भाच्याच्या लिंक्ड लिस्टनं लांबवला. म्हणजे प्रोग्राममधली साखळी; तिचा प्रत्येक दुवा, नोड, पुढच्याचा पत्ता (पॉइंटर) सांभाळतो. प्रोग्राम थांबतच नव्हता. मी जीडीबीचा जुना भक्त. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमननं लिहिलेला हा डीबगर, प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन. काळ्या पडद्यावर ब्रेक, नेक्स्ट, प्रिंट टाइप करत बसायचं. पॉइंटरचे पत्ते वहीत उतरवले, तरी डोक्यात काही शिरेना.

"मामा, डीडीडी लावून बघू या का? त्यात चित्रं दिसतात," भाचा म्हणाला. मी नाक मुरडलं. चित्रं बघून डीबगिंग? बालवाडी आहे का!

तसा डीडीडीच्या आत जीडीबीच असतो म्हणा. माउसनं बटण दाबलं की आज्ञा त्यालाच जाते, खालच्या खिडकीत दिसतेही. पण पॉइंटरवर डबल क्लिक केलं, की पुढचा नोड चौकोन होऊन उभा राहतो, मधे बाण. आम्ही क्लिक करत सुटलो, चौकोन संपेनातच! मग 'डिटेक्ट अलायसेस' चालू केलं. एकाच पत्त्याचे चौकोन एक झाले आणि शेवटच्या नोडचा बाण गर्रकन वळून थेट दुसऱ्यावर. तिथं नल, म्हणजे 'पुढं काही नाही' ही खूण, टाकायचं राहिलं होतं. एवढंच!

साडेदहाला राजवाड्यापाशी पोचलो. भुट्ट्याचा कीस भाच्यानं दोनदा मागवला. पैसे मामाचे.