दोन्हीकडे की एकाच बाजूला?

अखाजीला माहेरी गेले होते, तेव्हा पहिल्यांदा खाज जाणवली. डाव्या स्तनाच्या बोंडावर, अगदी टोकाला. आमच्या कापसाच्या मुलखात कपाशीचंही बोंड आणि हेही बोंडच, म्हणून तोच शब्द लिहिते. वैशाखातलं ऊन, घाम, ब्लाउजचं जाड अस्तर. घामोळं असेल म्हणून खोबरेल लावलं आणि विसरले.

जूनपर्यंत तिथे खपली धरली. ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळट-तपकिरी. रात्री ब्लाउज काढताना अस्तर तिला चिकटलेलं असायचं. ओढलं की खपली निघायची आणि खाली लालभडक ओलं दिसायचं, म्हणून कोमट पाण्याचा बोळा लावून हळूच सोडवायला शिकले. दुखत नव्हतं. मी अंगणवाडी सेविका आहे, वय 46. स्तनाचा कॅन्सर म्हणजे गाठ, हे मीच कितीतरी बायकांना सांगितलेलं. अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू चाचपून पाहायचे, गाठ नाही म्हणून निर्धास्त व्हायचे.

गावाजवळच्या एका डॉक्टरांना सांगितलं. दाखवलं नाही, नुसतं सांगितलं, तेही "छातीला खाज येते" एवढंच. त्यांनीही पाहायला मागितलं नाही. मलमाची ट्यूब दिली. आठ दिवसांत लाली कमी झाली, ट्यूब संपली तशी परत आली. अशा तीन ट्यूब झाल्या. मलमाने थोडं बरं वाटलं म्हणजे साधा त्वचेचा आजार, असं मी धरून चालले. पुढे मला जो आजार निघाला त्यातही मलमाने काही दिवस आराम पडतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मधल्या काळात आशाताई तिशीपुढच्या बायकांचे फॉर्म भरून घेत होत्या. स्तनात गाठ? नाही. बोंडातून रक्तासारखा स्राव? नाही. आकारात बदल? नाही. खपलीचा प्रश्न फॉर्मवर नव्हता आणि मी आपणहून बोलले नाही. रोज बरोबर काम करणाऱ्या बाईलाही मला ते सांगता आलं नाही.

श्रावणात आमची खान्देशातली देवी, कानबाई, बसली. रोटांसाठी सगळी भाऊबंदकी एकत्र. मी पांढऱ्या ब्लाउजवर कणीक मळत होते आणि जाऊबाईंचं लक्ष गेलं. "हाई काय शे वं?" खाली पाहिलं तर रुपयाच्या निम्म्याएवढा गुलाबी डाग. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पाहिलं. सासूबाई दाराबाहेरून म्हणत होत्या, "दुखत नही ना, मंग ऱ्हाऊ दे." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. कानबाईचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी पारोळ्याहून एस.टी.ने मला धुळ्याला घेऊन गेल्या.

तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, दोन्हीकडे आहे की एकाच बाजूला?" एकाच. "आधी बोंडावर सुरू झालं की भोवतीच्या काळ्या भागावर?" बोंडावर. त्यांनी पेन खाली ठेवलं. साधं इसब बहुतेकदा काळ्या भागावर सुरू होतं, पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतं आणि बोंड वाचतं. एकाच बाजूला बोंडापासून सुरू होऊन बाहेर पसरणारं, मलम लावूनही परत येणारं दिसलं, तर तुकडा तपासल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्या म्हणाल्या. माझे तीन महिने या दोन प्रश्नांवाचून गेले होते.

तुकडा घेण्याची फार भीती वाटली होती. प्रत्यक्षात भुलीचं इंजेक्शन चावलं तेवढंच. रिफिलसारख्या पोकळ नळीने मिरीच्या दाण्याएवढी कातडी काढली, एक टाका घातला. मॅमोग्राफीत स्तन दोन पाट्यांमध्ये दाबतात, ते दुखतं, पण काही सेकंदच. त्या फोटोत रवा सांडल्यासारखे पांढरे कण दिसले. हाताला गाठ लागत नव्हती आणि आत दुधाच्या नळ्यांमध्ये बरंच काही चाललेलं होतं.

रिपोर्टवर पॅजेट असं नाव होतं. मुलगी जळगावला फार्मसी शिकते, तिने वाचून सांगितलं. जेम्स पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने 1874 साली लिहून ठेवलंय, की बोंडावरच्या अशा जुनाट खपलीमागून स्तनात कॅन्सर होतो. त्याने पाहिलेल्या सुमारे 15 बायकांवरून. ते ऐकून मला रडू आलं. दीडशे वर्षांपूर्वीची माहिती, आणि माझ्यापर्यंत पोहोचायला जाऊबाईंची नजर लागली. हा प्रकार विरळा आहे हे खरं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायकांमागे एक ते तीन. पण ती एक मी होते.

माझा रोग नळ्यांच्या भिंतीबाहेर पडलेला नव्हता, मात्र कण बरेच पसरले होते, म्हणून स्तन काढावा लागला. ऑपरेशन नाशिकला झालं. केशरी शिधापत्रिका होती, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा, कागदांची धावपळ पुष्कळ वाचते. काखेतल्या ग्रंथी तपासायला निळा रंग टोचला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली आणि मी घाबरून नर्सला हाक मारली. ते अपेक्षितच असतं. काखेत काही निघालं नाही, केमो लागली नाही.

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची एक बाई होती. तिलाही गाठ नव्हती. तीन-चार आठवड्यांत एक स्तन लाल, गरम, जड झाला, कातडीवर मोसंबीच्या सालीसारखे खड्डे पडले. पू झालाय म्हणून दोन महिने गोळ्याच चालल्या. तो दाहक प्रकारचा कॅन्सर होता. तिला आधी केमो, ऑपरेशन मागून. राउंडला आलेले सर्जन आम्हा दोघींना म्हणाले, लाली आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी पूर्ण गेली नाही, तर पुढची चिठ्ठी घेऊ नका, तपासणी मागा. बोंड नव्याने आत ओढलं गेलं, न दाबता एकाच बाजूने रक्ताळ पाणी आलं, हात वर केल्यावर कातडीला खळी पडली, तरी तसंच.

कापूस वेचणीला यंदा मी नव्हते. हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता, रोज बोट पोहोचेल तिथे ह्यांनी पेन्सिलने रेघ मारली. एवढी वर्षं संसार झाला, पण ह्या विषयावर आम्ही बोललो ते त्या भिंतीपुढे उभं राहूनच.

आता मातांच्या बैठकीत मी मोसंबी घेऊन जाते आणि तिची साल सगळ्यांच्या हातात देते. बोंड हा शब्द मोठ्याने उच्चारते. पहिल्यांदा बायका पदरात तोंड लपवून हसल्या. बैठक संपल्यावर एक जण चटया गुंडाळायच्या निमित्ताने मागे थांबली.

"माले बी खाज शे, बाई."

"दोन्हीकडे की एकाच बाजूला?"

"एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही धुळ्याला गेलो. तुकड्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. तिचं साधं इसबच निघालं.