घाटात कूलंट पंप बंद पडला तेव्हा

घाटाचा निम्मा चढ झाला होता. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या गिअरमध्ये. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, काटा बघ, वर चाललाय." तेवढ्यात रेडिएटरचा पंखाही पूर्ण जोरात फिरायला लागला. मी एसी बंद करून हीटर शेवटपर्यंत गरमवर नेला. त्यातून इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. पण हवा आली ती गार! इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) फिरत नाही. एकतर ते कमी झालंय, नाहीतर पंप थांबलाय. हे कळल्यावर एक वळणही पुढे जायचं नाही. रुंद जागा दिसताच गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

आईला झाडाखाली बसवलं, बॉनेट उघडलं आणि तासभर नुसते थांबलो. थांबणं जिवावर येतं, पण कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की मात्र ते उसळून अंगावर येतं. पंख्याजवळही हात नेऊ नका, चावी काढलेली असली तरी तो अचानक फिरू शकतो.

गार झाल्यावर पाहिलं तर टाकीतली पातळी खुणेवर होती आणि खाली एक थेंब नव्हता. आमच्या गाडीत पंप पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर लावला, कोड आला पी२६०१. पी२६०० ते पी२६०३ हे कोड पंपाच्या नियंत्रण सर्किटबद्दल असतात. त्यातला कुठलाही कोड "पंप खराब आहे, बदला" असं सांगत नाही, आणि नवे पंप विनाकारण बसतात ते इथेच.

फ्यूज ठीक होता. तो उपसायची गरज नाही, पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज मिळालं की झालं. रिलेचा (पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टक् आवाज येत होता. पण आवाज कॉइलचा असतो, आतले संपर्क जळलेले असले तरी तो येतोच. म्हणून शेजारचा त्याच नंबरचा रिले घालून पाहिला. फरक नाही.

मग पंपाचा प्लग काढला. दोन जाड वायरी, एक बारीक. चावी ऑन करून जाड वायरींवर मल्टिमीटर धरला तर १२.३ व्होल्ट. (काही गाड्यांत इंजिन तापल्याशिवाय इथे वीज येतच नाही, ते आधी माहीत करून घ्या.) भाऊ म्हणाला, "वीज तर येतेय, मग पंपच गेला." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीत तांब्याचे दोनच धागे उरले असले तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंपाला काही अँपिअर लागतात, आणि तिथे ती वायर कमी पडते.

माझ्याकडे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होता, दोन वायरी जोडून ठेवलेला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. त्याच दोन टोकांवर लावला तर निखाऱ्यासारखा लालसर पेटला, आणि मीटरवर ७ व्होल्ट. पाच व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते!

बल्ब पेटता ठेवूनच पुढचं मोजायचं, म्हणजे वाटेच्या कुठल्या तुकड्यात किती व्होल्ट गळतात ते कळतं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते प्लगची अर्थ पिन (वीज बॅटरीकडे परत जाते ती): ०.१ व्होल्ट, म्हणजे अर्थ चांगली. बॅटरीचं पॉझिटिव्ह ते फ्यूजची पलीकडची बाजू: तेवढंच. दोष फ्यूज आणि प्लगच्या मध्ये. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत गेलो. एका लोखंडी पट्टीखाली बल्ब लुकलुकला. टेप सोडली तर इन्सुलेशन घासून गेलेलं, आणि आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि वायर मागे कापत गेलो. हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत बराच लांब पसरतो, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापावंच लागतं. तेवढ्याच जाडीचा तुकडा दोन्ही बाजूंनी क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) घातला. निगेटिव्ह जोडून बल्ब पुन्हा लावला, पांढराशुभ्र पेटला. प्लग बसवून इंजिन सुरू केलं, थोड्या वेळाने पंपाची बारीक घरघर बोटांना जाणवली.

त्या बारीक वायरीवर मात्र बॅटरीची वीज थेट देऊ नका. ती संदेशाची असते, पंपातलं सर्किट जळेल. अशा पंपाचा रेझिस्टन्स मोजूनही काही कळत नाही. आणि कूलंट नसताना पंप चालवून पाहू नका, त्याच्या बेअरिंगचं वंगण कूलंटच असतं. पंप बदलावाच लागला तर नंतर सिस्टिममधली हवा काढायची पद्धत त्या गाडीच्या पुस्तिकेत बघूनच करा.

उरलेला घाट भाऊ स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर तापमान वाचत बसला होता: ९४, ९७, ९६. आईने मागून विचारलं, "आता हीटर बंद करशील का?" हीटर चढ संपेपर्यंत सुरूच होता, आणि या वेळी हवा कढत होती.