मालक कुठायत?

"काका, सर्टिफिकेट दाखवू का?"

नवी पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागं सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. बंद पडलेला सीपीयू ठेवत मी विचारलं होतं, "मालक कुठायत?" त्यावर त्यानं हे विचारलं. न रागावता.

झाकण उघडलं. आमच्या घरामागं यंत्रमाग. पंख्यात सुताची धूळ गच्च बसलेली. त्यानं ब्रशनं ती काढली. मग रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, उपसून तिच्या कडेचे सोनेरी पट्टे खोडरबरानं घासले, पाटी पुसावी तसे हळुवार. मशीन सुरू!

भिंतीवर कॉम्पटिया ए प्लस या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट होतं. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं. मराठी शाळेतल्या पोरानं इंग्रजीतून दिलेले.

घरी येईपर्यंत त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. एवढं शिकूनही त्याला तो रोज किती जणांना विचारावा लागत असेल?