तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाणी जुन्याच रेडिओवर गोड का लागतात?

माळ्यावरचा मर्फी, फिलिप्स नाहीतर बुश रेडिओ खाली काढून आणणाऱ्यांचे प्रश्न दोनच. आधी, ‘हा परत वाजेल का?’ आणि एकदा वाजला की, ‘हीच गाणी मोबाइलवर आहेत, मग यावरच गोड का लागतात?’ पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’. दुसऱ्याचं उत्तर ‘आठवणी’ असं देऊन लोक मोकळे होतात. पण वीस वर्षांच्या पोराला कसल्या आठवणी असणार? त्यालाही हा आवाज आवडतो. त्याची कारणं त्या खोक्यात आणि त्या गाण्यांत शोधावी लागतात.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. सुरुवातीचं वादन, मुखडा, दोन कडवी, मधले तुकडे, सगळं तेवढ्यात बसवायचं. चित्रपटात एखादं कडवं जास्त असलं, तरी तबकडीवर ते यायचंच असं नाही आणि रेडिओ वाजवायचा ती तबकडी. म्हणून आज पडद्यावरचं पूर्ण गाणं ऐकताना तिसरं कडवं उपरं वाटतं. कानात बसलंय ते तबकडीच्या मापाचं गाणं.

दुसरं माप आवाजाचं. मीडियम वेव्हवर शेजारशेजारच्या स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे सेटमधून साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर पडत नाही. झांजेची किणकिण बोथट होते, ‘स’ आणि ‘श’ जरा एकसारखे ऐकू येतात. पण तबकडीच्या सुईची सळसळही बरीचशी त्याच वरच्या पट्ट्यात असते, तीही गाळली जाते. उरतो तो गळा, आणि गळ्याच्या आगेमागे चालणारी सारंगी, बासरी, तबला. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावं-उजवं असं वेगळं काही नाही. गायक माइकजवळ, वादक आपापल्या अंतरावर. लाकडी खोक्यातला एकच सहा-आठ इंची कागदी स्पीकर त्याला पुरून उरतो. याच गाण्याला नंतर कुणी घुमारा लावून, डावं-उजवं करून ‘सुधारतं’, तेव्हा गायिका रिकाम्या गोदामात उभी राहून गातेय असं वाटतं. आम्हाला तो प्रकार अजिबात मानवत नाही.

आता सेट वाजवण्याचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीस वर्षं पडून असलेल्या सेटची पिन थेट भिंतीत खुपसणं. आधी मागचं झाकण काढा. वायर उंदरानं कुरतडली असेल तर नवी घाला. मागे व्होल्टेज निवडायची पट्टी किंवा खुंटी असेल, ती सगळ्यात वरच्या आकड्यावर, म्हणजे २४०-२४५ वर ठेवा. मग फेजच्या वायरीत ६० वॉटचा दिवा सिरीजमध्ये, म्हणजे वीज दिव्यातून होऊनच सेटमध्ये जाईल असा, जोडून सेट चालू करा. दिवा तारेचाच हवा, एलईडी इथे कामाचा नाही. दिवा क्षणभर भडकून मंदावला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवून सपाट करणाऱ्या डब्यांत, अडीचशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त साठा राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून तो उतरवायचा आणि मीटर लावून खात्री करायची. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची हौस कुणी करू नये.

व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापायला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर कसला आवाज येतो यावरून दुखणं कळतं. आवाज कमी-जास्त केला तरी मागे घूंऽऽ तसाच राहत असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकलेत. तिथे साधारण ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे घाला. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर कंट्रोलच्या आतली पट्टी मळलीय. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बॅण्डस्विचलाही, म्हणजे पट्टे बदलायच्या खटक्यालाही, तेच औषध. सगळ्यात फसवं दुखणं मात्र वेगळंच. पहिली दोन गाणी झकास वाजतात आणि तिसऱ्यापासून गळा फाटायला लागतो. लोक व्हॉल्व्ह बदलतात, स्पीकर बदलतात. दोष असतो शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे गाणं आत शिरतं त्या टोकाला, जोडलेल्या मेणकागदी कपलिंग कंडेन्सरचा. तो गळका झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो, शेवटी त्याच्या आतली धातूची प्लेट तापून लाल होते. काही रुपयांचा ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर घातला की काम भागतं. दुर्लक्ष केलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो मिळवणं जिकिरीचं.

सेट वाजला, पण लावणार काय? विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. त्याआधी आकाशवाणीनं चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंदच केलेलं होतं, आणि १९५२ पासून लोक शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधत सुई फिरवायचे. डायलवर २५, ३१, ४१ मीटरचे पट्टे छापलेत, त्यांना एवढं महत्त्व होतं ते त्यामुळेच. आज विविध भारती मुंबईत १०२.८ वर, पुण्यात १०१ वर, म्हणजे एफएमवर ऐकू येते, आणि या सेटला एफएम नाही. मीडियम वेव्हवर पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ लावायला जाल तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर सुईवर भुणभुणतात. एकेक बंद करून पाहा, चोर सापडतो. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर असेल तर तो जागेवरच गोल फिरवा. आतली फेराइटची कांडी एका दिशेला स्टेशन जास्त ओढते आणि एका दिशेला खरखर कमी.

व्हॉल्व्हच्या सेटवर सोपा मार्ग पाठीमागेच असतो: तबकडीच्या पिकअपसाठी दिलेली दोन भोकं. मोबाइलवर प्रसार भारतीचं ॲप लावायचं, इअरफोनच्या डाव्या आणि उजव्या तारेत एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स घालून पुढची टोकं एकत्र करायची आणि ती एका भोकात, दोन्हींची सामाईक जाळीची तार दुसऱ्यात. बॅण्डस्विच ‘ग्राम’वर, म्हणजे ग्रामोफोनवर. पण त्याआधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९ अशी ‘ई’ची मंडळी असतील तर सेटला बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे चेसिस (आतला धातूचा सांगाडा) विजेच्या तारेपासून वेगळी आहे. यूसीएच ८१, यूबीएफ ८९ अशी ‘यू’ची असतील तर चेसिसच थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते, आणि मोबाइल जोडला की ती वीज तुमच्या हातात येते. अशा सेटला काहीही जोडू नका. ‘ई’ची असली तरी चेसिसला टेस्टर लावून पाहा आणि मधे १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. सेट वाजताना मोबाइल चार्जिंगला लावू नका, गाण्यापेक्षा चार्जरच जास्त गाईल.

आतलं सगळं उपटून त्या लाकडी खोक्यात ब्लूटूथची पाटी बसवून देणारे बरेच आहेत. आमचा त्याला विरोध आहे. चालू होण्याजोग्या सेटची ती हत्याच.

आणि मोबाइल जोडणारच आहात तर स्वतःची यादी लावू नका, रेडिओच लावा. यादीतलं पुढचं गाणं आपल्याला आधीच माहीत असतं. विविध भारतीच्या रात्री १० च्या ‘छायागीत’मध्ये निवड निवेदकाची. तो आधी दोन वाक्यं बोलतो, गीतकाराचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो. कितीतरी गीतकारांची नावं आपल्याला पाठ आहेत ती यामुळेच. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ती कोण वाचत बसतं?

एक मात्र आहे. रेडिओवरच्या वेळेनं घड्याळ लावायची सवय असेल तर ॲपवर ती मोडावी लागेल, कारण तिथली वेळ काही सेकंद मागे असते.