जावातल्या परसातला नीटम

इंडोनेशियात योग्याकार्ताला गेलेला माणूस बोरोबुदूर आणि प्रंबाननची प्राचीन मंदिरं बघून परततो. मीही दोन्ही बघितली, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ओढ होती ती दक्षिणेला बांतुलकडच्या गावांची, मेलिंजोसाठी. मेलिंजो हे तिथलं परसातलं झाड, शास्त्रीय नाव नीटम नेमॉन. बीएस्सीला बॉटनी घेतलेल्यांच्या पोटात आता गोळा आला असेल!

आपल्या खंडाळ्याकडचा नीटम उला ही झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारी दणकट वेल. हा नेमॉन मात्र सरळसोट, सदाहरित झाड, परसात केळींच्या शेजारी उभं. पानं रुंद, तकतकीत, समोरासमोर, शिरांचं जाळं असलेली. नुसतं पान हातात दिलं तर कुणीही द्विदल म्हणेल. पानांची ही ठेवण आणि लाकडातल्या वाहिन्या बघून एकेकाळी नीटमला सपुष्प वनस्पतींचा सख्खा नातलग मानत. पुढे डीएनएने त्याला पाइनच्या गोतावळ्यात नेऊन बसवलं. नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराला बी धरत नाही, पण त्याचा कोवळा पाला भाजीला चालतो, त्यामुळे तोही निभावून जातो.

मादीला लालभडक घोस लटकलेले होते. दिसायला फळं, पण अनावृतबीजी, म्हणजे बी उघडंच असणाऱ्या, वनस्पतीला फळ कुठलं? ते अख्खं बीच. त्याला तीन आवरणं: बाहेरचं मांसल, मधलं टणक, आतलं पातळ. परीक्षेत ही आकृती नावांसकट काढावी लागे. इथे ती मला एका आजींच्या हातात दिसली. लाल साल सोलून भाजीच्या टोपलीत. उरलेल्या बिया मातीच्या खापरात गरम वाळूवर भाजायच्या. मग एकेक उचलून दगडावर ठोका, टणक कवच फुटून बाजूला, आणि गर गरम असतानाच हातोडीने दोन-तीन घाव घालून चपटा. गार झाला की तो नीट पसरत नाही, म्हणून हात थांबत नाही. मोठी चकती हवी असेल तर चपट्या गरांच्या कडा एकमेकींवर ठेवून ठोकतात. मग बांबूच्या चटईवर उन्हात वाळवण. आपल्याकडच्या सालपापड्यांसारखंच ते दिसतं. तळून खायच्या या चकत्यांनाच एम्पिंग म्हणतात. पावसाळ्यात या धंद्याचे हाल होत असणार.

जेवायला लोदेह होतं, नारळाच्या दुधातली पातळ भाजी. योग्याकार्तात सात जिन्नसांचं लोदेह इडापिडा टाळायला करतात. त्या सातांत मेलिंजोची साल वेगळी आणि त्याचा पाला वेगळा मोजला जातो. सालीला किंचित चिवटपणा, पाला चवीला सौम्य. वर एम्पिंग: कुरकुरीत, आणि मागून येणारा कडवटपणा. मला तो फार आवडला. बरोबरच्या मित्राने एक खाऊन बशी माझ्याकडे सरकवली.

आजींनी दुसऱ्यांदा वाढण्याआधी माझ्या रिक्षावाल्यामार्फत विचारलं, "सांधे दुखतात का?" युरिक अॅसिड वाढतं म्हणून तिथे संधिवातवाले एम्पिंगला हात लावत नाहीत. माझे गुडघे ठणठणीत, त्यामुळे बशी रिकामी झाली.

कुणी जाणार असाल तर तळलेलं आणू नका, सादळतं. कच्चं वाळवलेलं घ्या. तेल चांगलं तापवून थोडे थोडे सोडा, फुलले की लगेच काढा. जरा उशीर झाला की करपतात, मग कडवटपणाला काही धरबंध राहत नाही.