आमची वाटचाल : बंड, धर्म आणि एक सनद

तिघांनी सुरू केलेला आमचा गेम स्टुडिओ आता सात जणांचा आहे, गेल्या काही वर्षांत पॅच, डीएलसी (गेमचे जादा भाग), सेल सगळं सुरळीत चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते दुसऱ्या वर्षाचं. तेव्हा कंपनी बंद व्हायचीच बाकी होती.

आमचा स्ट्रॅटेजी गेम १६०९ ते १६४८, पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे मध्य युरोपातली एका सम्राटाखालची अनेक संस्थानं. धर्म, बंड आणि डिप्लोमसी या तिन्ही सिस्टिम आम्ही वेगवेगळ्या लिहिल्या होत्या, हीच मुळातली चूक. प्रांताचा धर्म राजापेक्षा वेगळा की दर महिन्याला अनरेस्ट (असंतोष) वाढणार, शेजाऱ्याचा धर्म एक की मैत्री वाढणार, बस. अर्ली अ‍ॅक्सेसला आलो, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला लावला, आणि बोहेमिया (आजच्या चेक देशातला प्रांत) पाच वर्षांत पेटायला लागला, बंड मोडायला सैन्य गेलं की तिजोरी रिकामी, मग कर वाढवा, मग पुन्हा बंड, खेळणारा कंटाळून गेम बंद करायचा. आम्ही अनरेस्ट निम्मी केली तर उलटंच झालं, १६४८ उजाडलं तरी सगळे शांत, खऱ्या इतिहासात १६१८ ला पेटलेलं तीस वर्षांचं युद्धच होईना! रिफंडवर रिफंड.

त्याच महिन्यात आमचा डिझाइनवाला भागीदार एका मोठ्या स्टुडिओत गेला. त्यांचा गेम आमच्या फुल रिलीजच्या आधी आला आणि त्यात सरदार, शहरं, धर्मगुरू यांची आमच्यासारखीच स्क्रीन, तीच तिरंगी पट्टी. रिव्ह्यूमध्ये नक्कल कोणाला म्हटलं तर आम्हाला. माझ्याकडे डिझाइन डॉक्युमेंट तारखेनिशी आजही आहे, ते कोणी मागितलंच नाही.

आम्हाला वाचवलं ते एका गिर्‍हाईकाने. इतिहास शिकवून रिटायर झालेले, आम्ही सर म्हणतो. दर रविवारी सेव्ह फाइल आणि खाली चार ओळी. एकदा त्यांनी लिहिलं, "अहो, जर्मनीतली सॅक्सनी लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, तरी १६२० ला कॅथलिक सम्राटाच्या बाजूने उतरली. कॅथलिक फ्रान्सने १६३१ च्या बेरवाल्डच्या तहात लुथरन स्वीडनला वर्षाला ४ लाख थालर (चांदीची नाणी) कबूल केले. तुमचा रिशल्यू, फ्रान्सचा मुख्य मंत्री, एक दमडी सोडत नाही, असं कसं?" आणि पुढे, "बोहेमियाचे लोक धर्म वेगळा म्हणून उठले नाहीत हो, सम्राट रुडॉल्फने १६०९ ला दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद पाळली जात नाही म्हणून उठले."

ते वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी धर्मफरकाची अनरेस्ट जवळजवळ काढूनच टाकली आणि सनद ही वस्तू आणली. राजा सनद देतो, प्रांत शांत राहतो पण कर कमी मिळतो. मोडली तर जमीन आणि पैसा लगेच हातात, पण बंडाचं मीटर उसळतं आणि शेजाऱ्याला मध्ये पडायला कारण मिळतं. म्हणजे तिन्ही सिस्टिम एकाच जागी बांधल्या गेल्या. डिप्लोमसीत धर्माचं वजन शत्रूच्या ताकदीनुसार घटतं, सम्राट फार मोठा झाला की फ्रान्स आपसूक स्वीडनकडे वळतो.

हे बसवायला हेडलेस रनच लागतात, ग्राफिक्स बंद करून एआय विरुद्ध एआय रात्रभर, ठरलेले सीड (नशिबाचे फासे ठरवणारे सुरुवातीचे आकडे), सकाळी सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची फाइल). नवीन मुलं करतात ती चूक करू नका, सरासरी बघू नका, पहिलं बंड कुठल्या वर्षी झालं ते प्रत्येक रनमधलं मांडा, सगळे एकाच वर्षी असतील तर ती स्क्रिप्ट झाली, सिस्टिम नाही. एका रात्री एकच आकडा बदला. आणि बंड येताना खेळणाऱ्याला दिसलं पाहिजे, निदान दोन वर्षं आधी.

मागच्या रविवारच्या सरांच्या फाइलमध्ये सम्राट जिंकत होता आणि एआयने स्वतःहून प्रोटेस्टंटांकडून चर्चच्या जमिनी परत मागितल्या, सम्राटाच्या १६२९ च्या खऱ्या फर्मानासारखंच, आम्ही कुठे लिहिलेलं नसताना. सॅक्सनी चिडून स्वीडनकडे गेली. पण खरी सॅक्सनी १६३५ च्या प्रागच्या तहाने सम्राटाकडे परत आली, तशी आमची अजून परत येत नाही, त्यावर या आठवड्यात रन लावलेत.