सेटिंग आमचं, बसवणं तुमचं : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी गाळा घेतला तेव्हा काम एकच होतं. ट्रक-टेम्पोचे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारे आणि वळताना त्यांना कमी-जास्त फिरू देणारे गिअर, उघडायचे, क्राऊन-पिनियन ही त्यातली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी बसवायची, आवाज बंद झाला की गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. ऊस गाळपाचा हंगाम लागला की पिनियनचे दात गेलेल्या गाड्यांची रांग लागायची. शेजारी लेथ, पलीकडे ग्राइंडिंग, त्यामुळे हव्या त्या जाडीची शिम (फट भरायची पातळ चकती) लगेच करून मिळायची. दुसऱ्या गावात हा धंदा इतका लवकर रुळला असता असं मला वाटत नाही.

लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी, आमच्या बेंचवर आला तो मारुती जिप्सीवाल्या पोरांमुळे. पावसाळ्यात गगनबावडा, आंबा घाटाकडं जाऊन चिखलात रुतायचं आणि सोमवारी आमच्याकडं यायचं. "मामा, एकच चाक नुसतं फिरतंय, दुसरं ढिम्म हलत नाही. काहीतरी करा." साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तिथंच घोळ होतो. चिखलातल्या चाकाला फिरायला जेवढा थोडका जोर लागतो, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा डिफ लॉक त्यानं रोज वापरलेला असतो. पण लॉक लावून वळता येत नाही. एलएसडीत क्लच प्लेटा किंवा तिरक्या दातांचे गिअर असतात. वळताना दोन चाकांत फरक पडू देतात, पण एक चाक उधळलं की त्याला आवर घालतात.

२०१९च्या महापुरानंतर मात्र एलएसडी बाजूलाच राहिला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डिफरन्शियलमधून ताकासारखं ऑइल निघत होतं. ब्रीदर म्हणजे हवा जायच्या वाटेनं, सीलमधून पाणी आत गेलेलं. त्या दिवसांत ऑइल आणि बेअरिंग बदलण्यापलीकडं काही केलं नाही, पण ब्रीदरची नळी उंच घेऊन देण्याचं काम तेव्हापासून कायमचं आमच्याकडं आलं.

धंद्याला खरं वळण मिळालं २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. गाडी आणता येईना, पण पोरांच्या हाताला काम नव्हतं आणि घरी पाने होते. जिप्सीचा डिफरन्शियल हाऊसिंगच्या पुढच्या बाजूनं अख्खा निघतो. मग आम्हीच फोनवर सांगायला लागलो: गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. ऑइल काढा, गिअरबॉक्सकडून जोर आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लॅंजवर खूण करून तो सोडा, ड्रम काढून एक्सल थोडे बाहेर ओढा, नट सोडा आणि तेवढा डिफरन्शियल आमच्याकडं आणा. निर्बंध सैल झाल्यावर लोक तो ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवून आणायला लागले.

पुढचं काम घरी करू नये, हे माझं ठाम मत आहे. बेअरिंग कॅप ज्या बाजूची त्याच बाजूला बसली पाहिजे. क्राऊन एलएसडीच्या नव्या केसवर (आतले गिअर-प्लेटा धरणाऱ्या डब्यावर) चढवून बोल्ट आमनेसामने, टॉर्क रेंचनं आवळायचे. मग डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली फट, बघायचा. इथं हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. दातांना मार्किंग पेस्ट लावून डाग कुठं पडतो ते पाहायचं, शिम बदलायची, पुन्हा पाहायचं. आम्ही पैसे घेतो ते याचे. पार्ट ऑनलाइन कितीला मिळतो यावर आमच्याशी घासाघीस करू नका, तो तुम्ही खुशाल आणा. फक्त एक्सलचे स्प्लाइन (टोकाचे दाते) मोजून आणा. आणि क्राऊन बदलायचा तर पिनियनही त्याच्याच जोडीचा लागतो. फोर बाय फोरला पुढचा-मागचा रेशो (क्राऊन-पिनियनच्या दातांचं प्रमाण) सारखाच लागतो, तरी मागचा बदलून पुढचा तसाच ठेवायला सांगणारे गिऱ्हाईक अजून येतात. त्यांना आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

घरी नेताना दोन गोष्टी प्रत्येकाला सांगतो. क्लच प्लेटांचा एलएसडी असेल तर जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण नरम करणारं मिश्रण) लागतो, आणि नंतर मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठचे फेरे मारून प्लेटा बसवून घ्यायच्या. तिरक्या गिअरवाल्याला यातलं काही लागत नाही. दुसरी गोष्ट जिवाची: मागचं एक चाक जमिनीवर आणि एक जॅकवर असताना गिअर टाकून इंजिन चालवायचं नाही. साध्या डिफरन्शियलवर ते खपून जातं, एलएसडी असला की गाडी जॅकवरून उडी मारते.

थारच्या काही मॉडेलांत मागं कंपनीचाच मेकॅनिकल लॉकर (चाक घसरलं की आपोआप लागणारा डिफ लॉक) येतो, त्याला आम्ही हात लावत नाही. वॉरंटीतल्या गाडीलाही नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतो, तिथं अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम घरी करायच्या भानगडीत पडू नका.

गाडीचे घोडे आणि टॉर्क रेंच आता आम्ही भाड्यानंही देतो. सावंतवाडी, बेळगाव, गोव्याहून डिफरन्शियल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतात. मे महिन्यात बेंचवर जागा नसते, तेव्हा पावसाआधी काम हवं असेल तर मार्चमध्येच फोन करा.